वाफेच्या रेल्वेवर स्वयंसेवक: फावडं हातात कधी येतं?

नवखा_पॅसेंजर

सप्टेंबरपासून दोन वर्षं बर्मिंगहॅमला शिकायला जातोय. तिकडे बंद पडलेल्या जुन्या लाइनी लोकांनी वाचवल्या, त्यांवर वाफेची इंजिनं चालवतात आणि तिकीट खिडकीपासून ड्रायव्हरपर्यंत बरीचशी माणसं बिनपगारी असतात, एवढं ठाऊक आहे. पुढचं जाणकारांनी सांगावं.

यंत्रातलं ओ की ठो कळत नाही (बी.कॉम.), तरी घेतात का? घेतलंच तर पहिल्या दिवशी हातात काय देतात? आणि इंजिनावर चढायला मिळेपर्यंत दोन वर्षं निघून जातील का?

माझा आपला अंदाज: ही पेन्शनर मंडळींची हौस असावी, नवख्यांना झाडू मारायला ठेवत असतील.

राखुंडी

अंदाज निम्मा बरोबर. झाडू मारावाच लागतो, फक्त पेन्शनरही मारतात.

आधी क्रम समजून घ्या. बहुतेक ठिकाणी त्या रेल्वेच्या सोसायटीचं सभासद व्हावं लागतं, कारण विमा त्यावर असतो. मग एक दिवस ओळखवर्ग, आणि रुळांजवळ वावरायचे नियम. गाडी कुठल्या बाजूनं येते, रूळ कसा ओलांडायचा (काटकोनात, रुळावर पाय न ठेवता), गाडी आली की कुठे उभं राहायचं. याची परीक्षा पास झाल्याशिवाय फलाटाच्या टोकापलीकडे पाऊल टाकू देत नाहीत. दारूबाबत नियम कडक. आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तर घरीच थांबायचं.

इंजिनाकडे जायचं तर शिडी अशी: क्लीनर, पास्ड क्लीनर, फायरमन, पास्ड फायरमन, ड्रायव्हर. क्लीनर म्हणजे नावाप्रमाणे पुसणारा. पास्ड क्लीनर म्हणजे देखरेखीखाली फायरिंग (आगीत कोळसा मारून वाफ राखणं) करायला लायक ठरलेला. नियमित जाणाऱ्याला पूर्ण फायरमन व्हायला दोन ते चार वर्षं, ड्रायव्हर व्हायला दहाच्या आसपास किंवा जास्तच. दोन वर्षांत पास्ड क्लीनर होणं शक्य आहे, पण महिन्यातून एखादा रविवार गेलात तर विसरा. ती माणसं हजेरी बघतात.

पहिल्या दिवशी हातात बहुधा चिंध्या आणि रॉकेल-तेलाचं मिश्रण येईल. चाकं, दांडे, सगळी हलती अंगं पुसायची. कमी लेखू नका. तडा, सैल झालेला कॉटर (पाचर), हरवलेली स्प्लिट पिन हे पुसणाऱ्यालाच आधी दिसतं. चिकट काळ्या थराखाली काही दिसत नाही, म्हणून तर पुसायचं.

टवाळ_पोस्टमन

म्हणजे वर्गणी आपण भरायची आणि भांडीही आपणच घासायची. लग्नानंतर हे फुकट मिळतं.

वाफाळती

राखुंडी, पुसण्याइतकंच महत्त्वाचं एक काम राहिलं: स्मोकबॉक्स. इंजिनाच्या नाकाडाचं गोल दार उघडलं की आत काळी चरचरीत पूड साठलेली असते. ती फावड्यानं काढायची, आणि मग दाराची कड आणि ती जिथे टेकते ती गोल पट्टी दोन्ही कापडानं पुसून लख्ख करायच्या. हा दुसरा भाग नवे लोक हमखास विसरतात. कडेला चार दाणे राहिले तरी दार घट्ट बसत नाही. गाडी चालताना आतल्या पोकळीत हवा खेचली जाते, उरलेली पूड तिथेच पेटते, दाराचा पत्रा तापून वाकतो. शिवाय आगीतून हवा ओढायला जी पोकळी लागते तीच कमी होते. मग फायरमन दिवसभर कोळसा मारतो आणि वाफेच्या दाबाचा काटा काही वर चढत नाही. शिव्या खातो कोळसा, चूक असते सकाळच्या क्लीनरची.

राख काढताना वाऱ्याकडे पाठ. आधी पाणी शिंपडा. मास्क लावा.

कुर्डुवाडीकर

थोडं अवांतर. बर्मिंगहॅमहून वेल्समध्ये वेल्शपूल अँड लानफेअर नावाची छोटी लाइन गाठता येते. १९०३ ची, १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी पुन्हा सुरू केली. रुळांची रुंदी २ फूट ६ इंच, म्हणजे आपल्या बार्शी लाइटचीच. कॅलथ्रॉप साहेबानं बार्शीला १८९७ मध्ये या मापाची लाइन टाकली आणि नंतर स्टॅफर्डशायरमधली लीक-मॅनिफोल्ड लाइन त्याच मापावर, त्याच डोक्यानं बांधली. पंढरीच्या वाटेवरची रुंदी तिकडे गेली म्हणायची. आपल्याकडे बार्शी लाइट ब्रॉडगेज झाली, त्यांची लीक-मॅनिफोल्ड १९३४ मध्ये बंद पडली. हिशेब चुकता.

नवखा_पॅसेंजर

बार्शीचं माहीत नव्हतं, भारी! पण बर्मिंगहॅमहून जवळचं काय पडेल?

सांधेवाला

सर्वात सोयीची सेव्हर्न व्हॅली. किडरमिन्स्टरला लोकल गाडीतून उतरलात की शेजारीच यांचं स्टेशन, तिथून ब्रिजनॉर्थपर्यंत १६ मैल. मोठ्या मापाची लाइन, त्यामुळे कामं भरपूर आणि माणसंही भरपूर. लांब जायची तयारी असेल तर टाविनची तालीथलिन. बर्मिंगहॅमहून थेट गाडी आहे, पण दिवस मोडतो.

तालीथलिनशी तुमच्या गावाचं नातं आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमलाच सभा भरली आणि ही पाटीच्या दगडाची जुनी लाइन लोकांनी चालवायची ठरली. १४ मे १९५१ ला पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे ती. तेव्हा चालू स्थितीत एकच इंजिन होतं, डॉलगॉख, १८६६ चं. रुळांना खरं तर गवतानंच धरून ठेवलं होतं. मग शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस लाइनची दोन इंजिनं २५-२५ पौंडांना घेतली, कारण दोघांची रुंदी एकच, २ फूट ३ इंच, आणि हे माप दुर्मीळ. त्यातलं तीन नंबरचं इंजिन आणलं तर ते रुळांच्या मध्येच पडायला लागलं! त्याच्या चाकांची कडा अरुंद, आणि कुजलेल्या स्लीपरांवर (रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांवर) रूळ फाकलेले.

सांगायचा मुद्दा: इंजिन मिळवणं सोपं होतं. रूळ धरून ठेवणं अवघड गेलं, आणि आजही तसंच आहे. सगळे नवे लोक इंजिनशेडच्या दारात रांग लावतात आणि रुळांवर माणूस मिळत नाही.

मी सिग्नल केबिनची बाजू मांडतो. आग नाही, राख नाही, चहाची किटली चालू असते. केबिनमधल्या ओढायच्या दांड्यांचे (लिव्हरचे) रंग पाठ करा: लाल म्हणजे थांबा सिग्नल, पिवळा दूरचा, काळा सांधा (गाडीचा रूळ बदलणारा), निळा सांध्याचं कुलूप, पांढरा रिकामा. दांडा ओढताना हातात कापड धरायचं, पॉलिश केलेल्या मुठीला घामानं गंज चढतो. उघड्या हातानं धरलंत तर केबिनवाला काही बोलणार नाही, फक्त बघेल, आणि ते जास्त वाईट. ओढायचं पाठीनं नाही, पायानं. एक पाय चौकटीवर रोवून अंगाचं वजन मागे टाकायचं. उन्हाळ्यात दूरच्या सिग्नलची तार तापून लांबते, सिग्नल अर्धवट पडतो. म्हणून केबिनमध्ये तार ताणायचा फिरकी दांडा असतो, दुपारी आणि संध्याकाळी तो जुळवावा लागतो.

घंटा: एक ठोका म्हणजे लक्ष द्या. तीन, थोडं थांबून एक, म्हणजे साधी पॅसेंजर घेता का? दोन म्हणजे गाडी सुटली. दोन-एक म्हणजे गाडी पूर्ण आली, शेवटचा दिवा पाहिला. सहा ठोके सलग आले तर हातातला चहा खाली ठेवायचा आणि सगळे सिग्नल धोक्यावर टाकायचे. आपल्याकडे एकेरी लाइनवर ड्रायव्हरला पुढे जायचा परवाना म्हणून जो 'गोळा' देतात, त्याचाच भाऊ तिकडे टोकन किंवा स्टाफ म्हणून फिरतो. एका पट्ट्यात एकच टोकन बाहेर येऊ शकतं, यंत्र दुसरं सोडतच नाही.

टवाळ_पोस्टमन

सहा ठोके म्हणजे आमच्याकडे पाहुणे आले.

फुलपँट

केबिनवाल्यांनी जाहिरात आवरा. मूळ प्रश्नाकडे: फायरिंग. त्यात विशेष काही नाही, सकाळी दोन तास आधी पेटवायचं, दाब आला की निघायचं. बाकीचा सगळा बाऊ.

वाफाळती

फुलपँट, दोन तासांत पेटवून निघालात तर बॉयलरवाला तुम्हाला पुन्हा शेडमध्ये घेणार नाही.

मधल्या आकाराचं इंजिन थंड असेल तर चार-पाच तास धरा. मोठ्याला त्याहून जास्त, आणि आदल्या दिवशी एक छोटी आग लावून ते नुसतं कोमट करून ठेवतात. कारण आग पेटते ती आतली पेटी (फायरबॉक्स) तांब्याची असते (काहींची पोलादी), बाहेरचं कवच पोलादाचं. तांबं जास्त फुगतं. दोन्ही सारख्या वेगानं तापले नाहीत की ताण येतो स्टेबोल्टवर (पेटी आणि कवच जोडणारे बोल्ट) आणि धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्यांच्या टोकांवर. मग नळ्या गळायला लागतात, आगीत पाणी टपकतं. एक दिवस वाचवायला दहा वर्षांच्या दुरुस्तीतली दोन वर्षं खाल्ली जातात.

पेटवण्याआधीचा क्रम. पाण्याची काच (बॉयलरमधली पातळी दाखवणारी नळी) बघा, निदान अर्धी भरलेली हवी. नुसती बघून भागत नाही. खालचा निचरा कॉक उघडून पाणी जातं आणि पुन्हा त्याच उंचीवर येतं का ते तपासा, कारण तोटी तुंबली असेल तर काच खोटं बोलते. मग दिवा घेऊन फायरबॉक्सच्या आत डोकवा: छतातल्या फ्युजिबल प्लगभोवती पांढरे ओघळ, गळती, वाकलेल्या जाळ्या. हे प्लग शिशाचे भरलेले असतात. पाणी छताखाली गेलं की शिसं वितळून वाफ आगीत सुटते. वितळले तर दिवसच संपला, पण बॉयलर वाचला. मग ब्रेक लावलेला, रेग्युलेटर (सिलिंडरांना वाफ सोडणारा दांडा) बंद, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा) मधे, सिलिंडरचे निचरे उघडे, खालचा डँपर (आगीला हवा देणारं झापड) उघडा. आणि धुराड्यावरचं झाकण काढलंय का हे डोळ्यांनी बघा. हसू नका, पावसाळी रात्रीसाठी झाकण घालतात आणि पहाटे अंधारात ते राहतं. धूर सगळा केबमध्ये.

आग: जाळीवर कोळशाचा पातळ थर, वर लाकडाचे फाटे, रॉकेलात बुडवलेल्या चिंध्या. चुना-दगडाची खडी किंवा फुटकी वीट आधी पसरली तर वितळलेली राख जाळीला चिकटत नाही. दाब २०-३० पौंडांवर आला की ब्लोअरला (धुराड्यात वाफ सोडून आग ओढणाऱ्या फवाऱ्याला) जीव येतो. तोवर धुराड्याच्या नैसर्गिक ओढीवरच भागवायचं. घाई नको.

फुलपँट

बरं बाई, चार तास. पण ती वितळलेली राख म्हणजे नक्की काय? तिकडे क्लिंकर क्लिंकर म्हणतात.

राखुंडी

वीटभट्टीवर जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांना खंगर म्हणतात ना, तसंच. कोळशातली राख वितळते, थंड हवा लागली की गोठते आणि जाळीवर पोळी पसरते. हवा बंद. वरून आग लाल दिसते, खाली मेलेली असते. लांब दांड्याच्या सळईनं ती फोडून उचलावी लागते. ही सळई बाहेर काढताना लालभडक असते आणि फायरमनच्या मागे उभ्या असलेल्या शिकाऊच्या पोटरीच्या उंचीवर येते. म्हणून कुठे उभं राहायचं हे आधी विचारा.

कोळसा मारण्याची रीत: थोडा, वारंवार. मागचे दोन कोपरे आणि दाराखाली जाड थर, पुढे पातळ, कारण इंजिनाच्या थरथरीनं आग आपसूक पुढे सरकते. धुराड्याकडे बघत राहा. फिकट करडा धूर बरोबर. काळाकुट्ट म्हणजे जास्त टाकलंत किंवा हवा कमी. काहीच दिसत नसेल तर एक तर आग उत्तम आहे, नाहीतर तिला भोक पडलंय. कोणतं, हे ऐकून कळतं.

आणि एक नियम गोंदवून घ्या: रेग्युलेटर बंद करण्यापूर्वी ब्लोअर चालू. बोगद्यात शिरण्यापूर्वीही. धुराड्यातून जाणारी वाफच आगीला पुढे ओढते. ती थांबली की ज्वाळा दारातून केबमध्ये येते, आणि केबमध्ये तुम्ही असता.

कुर्डुवाडीकर

म्हणून नायलॉनचं काही घालू नका. सुती डांगरी, आतही सुती. नायलॉन वितळून कातड्याला चिकटतं. बूट चामड्याचे, पोलादी टोकाचे. चामड्याचे हातमोजे. गळ्याला सुती रुमाल, कोळशाची भुकटी मानेतून आत जाते ती थांबते. लोंबणारं काही नको, मफलर तर नकोच. रुळांवरचं जाकीट नारिंगी लागतं, पिवळं नाही. पिवळं जाकीट बांधकामावरून आणलं की परत पाठवतात.

बाळूचा_डबा

पितांबरी नेली तर चालेल का? पितळ बरंच असतं ना इंजिनावर.

वाफाळती

पितळेची पाटी आणि पाइप चमकतील, पण रंगवलेल्या भागावर भुकटी सांडली तर ओरखडे उठतात. आणि आंबट काही लावलं तर भरपूर पाण्यानं धुवायला हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी खाचांतून हिरवं. तिकडे द्रव पॉलिश वापरतात. इंजिन नुकतं कोमट असताना करायचं. पूर्ण तापल्यावर पॉलिश लावता क्षणी सुकतं आणि पांढरे डाग राहतात.

चावीवाला

एवढी सगळी चर्चा आगीवर. सांधेवाल्यांनी रुळांचा विषय काढला आणि घंटा वाजवत निघून गेले. मी पुढे नेतो, कारण कॉमर्सच्या माणसाला सर्वात लवकर खरं काम इथे मिळतं.

मोठ्या मापाच्या जुन्या लाइनींवर बुलहेड रूळ असतो: बिडाच्या खुर्चीत उभा आणि बाजूला लाकडी चावी ठोकून घट्ट केलेला. ६० फुटांच्या एका लांबीला २४ स्लीपर, म्हणजे ४८ चाव्या. मैलाचा हिशेब केलात तर ४,२२४. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि चाव्या निसटून खाली पडतात. मग सकाळी पहिल्या गाडीआधी एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन चालत जातो. आवाजावर कळतं: घट्ट चावी टणक वाजते, सैल चावी बद्द. सलग तीन-चार गेल्या असतील तर ठोकून पुढे जायचं नाही, आधी रूळ फाकलाय का ते मापपट्टीनं बघायचं. ४ फूट साडेआठ इंच. तालीथलिनवर तीन नंबरचं इंजिन का पडत होतं ते आता कळलं असेल.

स्लीपर बदलणं म्हणजे चार माणसांचं सकाळचं काम. दोन्ही बाजूंची खडी उकरायची, चाव्या काढायच्या, जुना स्लीपर बाजूनं ओढून काढायचा, नवा सरकवायचा, खुर्च्या बसवून माप घ्यायचं, खाली खडी कोंबायची. कोंबणं हेच कसब. जॅकनं रूळ गरजेपेक्षा जास्त उचललात तर तिथे उंचवटा राहतो आणि शेजारचे स्लीपर अधांतरी होतात. अधांतरी स्लीपर ओळखायचा तर पावसानंतर बघा. गाडी गेली की त्याच्या कडेनं चिखलाचं पाणी वर उडालेलं असतं.

आणि कडक उन्हात खडी उकरायची नाही. तापलेल्या रुळाला खडीनंच जखडलेलं असतं, ती काढली की रूळ नागमोडी पळतो. म्हणून मोठी कामं हिवाळ्यात. कडेची झाडंझुडपंही तेव्हाच, मार्चपासून पक्षी घरटी करतात म्हणून तोडणी थांबवतात.

टवाळ_पोस्टमन

तिथे जाऊनही मार्च एंड सुटत नाही बी.कॉम.वाल्याचा.

नेरळ_लोकल

हे सगळं वाचून एकच वाटतं. माथेरानला हे का होत नाही? १९०७ ची लाइन, आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांच्या मुलानं बांधलेली, दोन फुटी. आपल्याकडे ट्रेकर आहेत, गडसंवर्धनाला दर रविवारी पोरं जातात. इंजिन पुसायला जाणार नाहीत?

फुलपँट

जातील की. पण त्यांना रुळाला हात लावू कोण देणार? माथेरानची लाइन भारतीय रेल्वेची. ब्रिटनमध्ये लाइन सोसायट्यांच्या किंवा त्यांच्या कंपन्यांच्या ताब्यात असते. लाइट रेल्वेचा १८९६ चा कायदा त्यांना उपयोगी पडला. वेग कमी (बहुतेक ठिकाणी ताशी २५ मैलांची मर्यादा), त्या बदल्यात नियम सुटसुटीत. इथे मालक, चालक आणि तपासनीस एकच खातं.

कुर्डुवाडीकर

चढही बघा. माथेरानला २० ला १ चा चढ आणि दोरीसारखी वळणं. तिथली जुनी वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन कोपेलची, टोकाच्या चाकांचे आस वळणात आडवे सरकतील अशी खास रचना. असं यंत्र सांभाळायला शनिवार-रविवारची मंडळी पुरत नाहीत. डार्जिलिंगला आजही वाफेच्या गाडीच्या पुढे बफरवर दोन माणसं बसून रुळावर हातानं वाळू टाकतात आणि एक जण कोळसा फोडायला वर असतो. सगळी पगारी आणि पिढीजात कसबाची.

नेरळ_लोकल

पगारी आहेत हे चांगलंच. मी पगार काढून घ्या म्हणत नाही. पण २६ जुलै २००५ ला माथेरानची लाइन वाहून गेली आणि २००७ पर्यंत बंद होती. चर खोदायला, मोऱ्यांतली माती काढायला, स्टेशनं रंगवायला खात्याच्या देखरेखीखाली गावकरी का नकोत? सांधेवाले म्हणतात तसं, रूळ धरून ठेवणंच अवघड असतं, आणि त्यातलं अर्धं काम पाण्याला वाट देणं आहे.

चावीवाला

मोऱ्यांबाबत शंभर टक्के सहमत. वेल्समध्येही सर्वात जास्त पाठदुखी चर साफ करण्यानंच होते. रूळ कुजवतं पाणी, गाडी नव्हे.

कागदी_घोडा

सगळे इंजिनावर स्वार झालेत, व्हिसाचं कोणी बोललं नाही. नवखा, तुमचा विद्यार्थी व्हिसा असणार. तिथले नियम 'व्हॉलंटिअरिंग' आणि 'व्हॉलंटरी वर्क' यांत फरक करतात. पहिलं म्हणजे करार नाही, बांधील वेळ नाही, पगाराच्या माणसाची जागा घेत नाही. ते चालतं. दुसरं म्हणजे बिनपगारी नोकरीच, आणि त्याचे तास तुमच्या आठवड्याच्या कामाच्या मर्यादेत धरले जातात. बहुतेक रेल्वेचं काम पहिल्यात बसतं, पण विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागाला एक ईमेल टाकून लेखी उत्तर ठेवा. प्रवासी व्हिसावर आई-वडील भेटायला आले आणि त्यांनाही हौस आली तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच.

बाळूचा_डबा

वडील गार्ड, आई कँटीन. रेल्वे ताब्यात.

हिरवळ

एक गंभीर प्रश्न. हे सगळं कोळशावर. पर्यावरणाचं काय?

वाफाळती

प्रश्न रास्त, आणि त्यांना त्याहून तातडीचा प्रश्न पडलाय: कोळसा आणायचा कुठून? वेल्समधली फोस-अ-फ्रान ही उघडी खाण नोव्हेंबर २०२३ अखेर बंद झाली. चांगला वेल्श वाफ-कोळसा म्हणजे कमी धूर, लांब टिकणारी उष्णता. तो मिळेनासा झाल्यावर बाहेरून येणारा कोळसा घ्यावा लागतो, आणि दर खेपेला आग वेगळी वागते. मधल्या इंजिनाला मैलाला साधारण १५ ते २५ किलो लागतो.

दाबून केलेल्या अंडाकृती गोळ्यांचा पर्यायही वापरतात. धूर कमी, पण ज्वाळा लांब नसते, उष्णता जाळीजवळच साचते. जाळीचे गज लवकर जळतात आणि चढावर एकदम वाफ हवी असेल तर उशीर होतो. साधा कोळसा मिसळून काहीजण भागवतात.

हिरवळ

म्हणजे उत्तर नाही.

वाफाळती

पूर्ण उत्तर नाही, बरोबर.

सांधेवाला

गार्डच्या कामाबद्दल दोन ओळी, कारण तेही लवकर शिकता येतं. व्हॅक्युम ब्रेकची (नळीतली हवा ओढली की सुटतो, हवा आत शिरली की लागतो) चाचणी म्हणजे झेंडी हलवणं नव्हे. इंजिन नळीत २१ इंच (पाऱ्याच्या मापानं) पोकळी करतं, गार्ड शेवटच्या डब्याच्या नळीचं टोक अडकवणीवरून काढतो, काटा पडला पाहिजे. परत लावतो, काटा चढला पाहिजे. शेवटच्या डब्यापर्यंत नळी सलग आहे याची हीच खात्री. मधली एखादी नळी जोडायची राहिली असेल तर इंजिनावर सगळं आलबेल दिसतं आणि मागचे डबे बिनब्रेकचे.

नवखा_पॅसेंजर

मंडळी, हात जोडले. शेवटचं विचारतो: सप्टेंबरमध्ये पोचल्यावर लगेच जाऊ की स्थिरस्थावर होऊन उन्हाळ्यात? आणि तीन रस्ते दिसतायत: शेड, केबिन, रूळ. दोन वर्षांसाठी कोणता?

चावीवाला

नोव्हेंबरात जा. उन्हाळ्यात सगळ्यांना गाडी चालवायची घाई असते, शिकवायला कोणी थांबत नाही. हिवाळ्यात गाड्या कमी, इंजिनं उघडलेली, रूळ उघडलेले, माणसं हवी असतात. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे या (म्हणजे रुळांकडे). दर शनिवारी आलात तर उन्हाळ्यापर्यंत फिशप्लेटला (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला) ग्रीस का लावतात हे दुसऱ्याला सांगू शकाल.

राखुंडी

मी शेडच म्हणेन, पण हिवाळ्यात या हे मान्य. तेव्हा बॉयलर धुतात, ते बघायला मिळतं. बॉयलर आपसूक गार होऊ द्यायचा, गरम असताना थंड पाणी घातलं तर पत्र्याला चिरा. मग सगळे प्लग काढून होजनं आणि सळईनं आतला गाळ, पापुद्रे काढायचे. प्लग परत बसवताना आटे आधी हातानं. पाना लावून तिरका घुसवलेला प्लग दाबाखाली सुटला तर समोरच्याला काहीच सांगायची वेळ उरत नाही. म्हणून हे काम तपासणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा. नव्या माणसानं फक्त प्लगांचे नंबर वाचून दाखवले तरी काम होतं.

वाफाळती

आणि दोन्ही ठिकाणी पहिले तीन शनिवार काही न विचारता चहा करा. तिकडच्या शेडमध्ये ओळखपत्र म्हणजे किटली.

नवखा_पॅसेंजर

ठरलं. नोव्हेंबर, रूळ, सुती डांगरी, नारिंगी जाकीट, पितांबरी घरीच. फक्त एक शंका: धुराड्यावरचं झाकण काढायची जबाबदारी नक्की कोणाची असते?

राखुंडी

ज्यानं पेटवलं त्याची.

टवाळ_पोस्टमन

आणि आठवतं खोकला आल्यावर.